अर्जदाराचा रकाना

“मावशी, तुमचं आडनाव सोडून काहीही सुचवा,” किशोर म्हणाला.

लताबाई पगारेंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. किशोर कॉलेज रोडवरच्या कचेरीत बसून लोकांच्या मालाला नावे देत असे. २००४ साली नाशकात हाही एक व्यवसाय झाला होता. जात हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. त्याच्यापाशी त्याहून स्वच्छ शब्द होते: ब्रँड इमेज, टार्गेट कस्टमर, घरगुती फील.

तेरा वर्षे लताबाई द्वारका चौकाजवळच्या वसाहतीत कांदा-लसूण मसाला करत होत्या. गंगापूर रोडवरच्या बायका तो आपापल्या स्टीलच्या डब्यांतून नेत आणि पाहुण्यांना आपल्याच हातचा म्हणून वाढत. डब्याला नाव लागत नव्हते. आता मसाला पाकिटातून दुकानात जाणार होता, आणि पाकिटाला नाव लागते.

“दीक्षित काकू,” किशोर म्हणाला. “ऐकताच सोवळ्यातला स्वयंपाक डोळ्यांपुढे येतो.”

“सोवळ्यात कांदा-लसूण?” लताबाईंची मुलगी पिंकी म्हणाली.

“गिऱ्हाईक इतका विचार करत नाही, ताई.”

लताबाई हसल्या. माल खपल्याशी कारण, असे त्या स्वतःला बजावत होत्या. पण पाकिटावर छापलेले आपले नाव त्यांनी मनातल्या मनात केव्हाच वाचून ठेवले होते.

किशोरने मुंबईहून मागवलेली यादी उघडली. मसाल्यांसाठी कोणती नावे आधीच नोंदली गेली आहेत, ते तीत होते. दीक्षित काकू गेलेल्या होत्या. सरदेसाई वहिनी गेल्या होत्या. इनामदार माईसुद्धा. नावांचा रकाना संपताच त्याने कागद खाली ठेवला.

“चांगल्या घरच्या सगळ्या बायका बुक झाल्या, मावशी,” तो कळवळून म्हणाला.

लताबाईंनी चष्मा लावला आणि कागद स्वतःकडे ओढला. रेशनकार्डाच्या अर्जापासून घराच्या उताऱ्यापर्यंत कोणताही कागद त्या शेवटच्या रकान्यापर्यंत वाचत. अर्धवट वाचलेल्या कागदांची किंमत त्यांच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली होती. शेवटच्या रकान्यात अर्जदाराचे खरे नाव होते. त्यांनी बोट फिरवत मोठ्याने वाचले.

“दीक्षित काकू. अर्जदार, सुभाष गांगुर्डे. सरदेसाई वहिनी. अर्जदार, कलाबाई साळवे. इनामदार माई. अर्जदार, रत्नाकर केदारे.”

“आई, ही तर सगळी आपलीच माणसं,” पिंकी म्हणाली.

लताबाईंनी कागदाची नीट घडी घातली आणि किशोरच्या हाती दिली. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतके मोकळे वाटले नव्हते.

“पगारेच छापा,” त्या म्हणाल्या. “दुकानाच्या फळीवर या काकूंना शेजार म्हणून एक तरी आपलं माणूस हवं.”