पट्ट्यावरचा पाऊच

हर्षवर्धनसाहेबांनी तीन मोबाइल टेबलावर मांडले आणि म्हणाले, "अंकल, यातला कुठलाही एक उचला. स्टोअरचा मेल आला की दहा मिनिटांत उत्तर हवं."

अंकल म्हणजे आलोशियस. वसई पूर्वेच्या त्या व्हॉल्व्हच्या कारखान्याचं स्टोअर गेली तीस वर्षं तोच सांभाळत होता. कुठला नट कुठल्या खणात, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. पण कॉम्प्युटर म्हटलं की त्याचे हातपाय गळायचे. साहेब म्हणजे मालकांचे चिरंजीव, नुकतेच परदेशातून शिकून आलेले. त्यांचा सगळा कारभार मेलवर. महिनाभरात आलोशियसनं त्यांच्या एकाही मेलला धड उत्तर दिलं नव्हतं. आता हा शेवटचा उपाय. पंधरा दिवस फोन वापरायचा. जमलं तर ठीक, नाहीतर स्टोअरच्या किल्ल्या सुमेधकडे आणि अंकल पॅकिंगला. पॅकिंगला पाठवलेला म्हातारा दोन महिन्यांत आपणहून राजीनामा देतो, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. आलोशियसच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती.

"तिन्ही घरी नेऊन बघतो," तो म्हणाला. "आमच्यात घरी विचारल्याशिवाय छत्रीसुद्धा घेत नाहीत."

साहेब हसून हो म्हणाले.

निर्मळ गावातल्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर तिन्ही फोन मेजावर आले. त्याची बायको फ्लॉसी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. समोर आलेल्या कुठल्याही वस्तूची परीक्षा घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पहिला फोन मोठ्या काचेचा, काडीनं टोचून लिहायचा. काडी हरवली की फोन मुका, म्हणून तो नापास. दुसरा दुमडणारा, दिसायला देखणा, पण एकेका बटणावर तीन-तीन अक्षरं. त्यावर एक ओळ लिहीपर्यंत कारखाना सुटला असता. तिसऱ्यावर मात्र टाइपरायटरसारखी सगळी अक्षरं समोर, आणि आकार अंगाच्या साबणाच्या नव्या वडीएवढा. बटणांचं फ्लॉसीनं पाहिलं, पाऊचचं आलोशियसनं. रोज बाळगायचा तर पाऊच पट्ट्याला घट्ट बसला पाहिजे आणि त्याचं झाकण आपोआप उघडता कामा नये, यावर तो अडून बसला. तिसरा पास झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. बोलण्यासाठी त्याचा जुना मोबाइल शर्टाच्या खिशात होताच. नव्यावर फक्त मेल, म्हणजे बॅटरी टिकते. साहेबांना ते पटलं.

पहिल्याच दिवशी चार मेल आले आणि चारांची उत्तरं वेळेत गेली. साहेब चकित झाले. नेमके आकडे, स्वच्छ इंग्रजी, स्वल्पविराम जागच्या जागी. दुपारी बाराच्या सुमारास तेवढा थोडा उशीर व्हायचा, पण ती प्रार्थनेची वेळ म्हणून साहेबांनी कधी विचारलं नाही.

कारखान्यात मात्र वेगळीच कुजबुज चालू झाली. अंकल दिवसातून सात-आठ वेळा जुन्या मोबाइलवरून बायकोशी बोलू लागले होते. रॅकच्या मागे उभं राहायचं आणि घरच्या बोलीत बोलत सुटायचं. साताऱ्याहून आलेल्या सुमेधला त्यातलं ओ की ठो कळत नसे. हा माणूस जन्मभर रात्री जेवताना बायकोला स्टोअरची खडान्‌खडा हकीकत सांगत आलाय, हे सगळे जाणून होते. पण आता दिवसाढवळ्यासुद्धा? त्यात जवळ गेलं की चंदनाचा वास.

"अंकल, फोन काय मिळाला, तुम्ही तर नवरदेवासारखे घमघमायला लागलात," सुमेध म्हणाला.

आलोशियस कानापर्यंत लाल झाला आणि नटबोल्ट मोजायला लागला.

पंधराव्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आलोशियस गळ्यातला क्रूस चाचपत आत गेला.

"अंकल, मी हरलो," साहेब म्हणाले. "इतके मेल टाकले, एक उत्तर चुकलं नाही. स्टोअर तुमचंच. बाकीच्या ऑफिसरांनाही हाच फोन मागवतोय. मघाशीच सगळ्यांना मेल टाकलाय, वाचला असेलच तुम्ही."

आलोशियसनं नुसती मान हलवली.

"रोज बाळगायला कसा आहे?"

"पाऊच हवाच, साहेब. खिशातून घसरतो."

"दाखवा बरं. काचेवर ओरखडे उठलेत का, बघू."

आलोशियसचा हात पाऊचवर गेला आणि तिथंच राहिला. साहेबांनी हात पुढे केला. तेवढ्यात खिशातला जुना मोबाइल वाजला.

"घरून ना?" साहेब हसले. "जा, आधी आंटींना सांगा."

तो बाहेर आला आणि फोन कानाला लावला. त्यानं तोंड उघडायच्या आतच पलीकडे फ्लॉसी आनंदानं रडायला लागली होती. त्याचेही डोळे भरून आले. काचेतून त्यानं आत पाहिलं. साहेब दुसऱ्या फोनवर कुणालातरी झापत होते, ओरखडे कधीच विसरले होते. त्याचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी केळीच्या बागांमधून स्कूटर घरी नेताना तो चक्क गुणगुणत होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली होती.

फ्लॉसी ओटीवर बसली होती. तिनं चष्मा सारखा केला आणि मांडीवरचा फोन उचलला. "साहेबांना नुसतं आभारी आहे एवढंच लिहू, की आणखी काही?"

"तेवढंच लिही," आलोशियस म्हणाला. मग त्यानं पट्ट्यावरचा पाऊच उघडला, आतली चंदनाच्या साबणाची वडी काढली आणि हात धुवायला मोरीत गेला.