गुरवांचा पेसमेकर

मालनबाई गुरव दिवंगत पतीचा पेसमेकर एका डबीत घेऊन रुग्णालयात जुनी उपकरणं जमा करायच्या खिडकीशी आल्या खऱ्या, पण डबी त्यांच्या हातून सुटेना.

“नऊ वर्षं यानंच त्यांना जगवलं. राहू दे ना माझ्याजवळ.”

नवे पेसमेकर बनणं बंद होऊन बारा वर्षं झाली होती. वरच्या वॉर्डात तीन रुग्ण वाट पाहत होते. खिडकीतल्या रुक्साना मुल्ला यातलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेसमेकरची नोंद उघडून दाखवली. गुरवांच्या आधी तो औशाच्या एका शिक्षिकेच्या छातीत होता.

“आई गेल्यावर त्यांच्या मुलीनं तिसऱ्याच दिवशी आणून दिला होता,” रुक्साना म्हणाल्या.

मालनबाईंनी नोंदीतल्या मुलीच्या नावावरून बोट फिरवलं.

“तिला तरी कुठं देववला असेल,” असं म्हणत त्यांनी डबी आत सरकवली.