तुटकी रेघ

"आधी तो फोटो उलटा कर," निबारणदा म्हणाले.

केतकी कांजीलालने आपल्या वरिष्ठांचं हे बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फोटोत सात-आठ वर्षांची मुलगी होती. लाल रिबिनी, पुढचा दात पडलेला. तिचा कुणीतरी गळा आवळून खून केला होता. कोलकात्यातल्या या ठसे तपासणीच्या कचेरीत पोलीस दारोगा समाद्दार सकाळीच तो फोटो ठेवून गेले होते. जाताना डोळे पुसत म्हणाले, "शाळेत पोचवणारा रिक्षावाला, दीदी. सनातन. पोरीच्या घरात कधी पायसुद्धा ठेवला नाही म्हणतो, हरामखोर!"

पण घरातल्या कपाटावर एक पुसट अंगठा सापडला होता. तो सनातनचा निघाला, की सनातन संपला. केतकीला तो भिंगाखाली दिसत होता. मध्ये भोवरा, डावीकडे फुटलेला फाटा, खाली तुटकी रेघ. शेजारच्या कागदावर सनातनच्या अंगठ्याचा शाईचा ठसा होता, त्यातही तेच.

"जुळतोय," ती म्हणाली. "मी सही केलीय. दुसरी तुमची."

"तुझी सही बघून ठसा बघू? मग मी ठसा कुठला तपासणार, तुझी सहीच तपासणार." निबारणदांनी झालमुडीचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि तेलकट बोटं रुमालाला पुसली. "तुझ्या कागदावर शाई पसरलीय गं. सनातनचा हा दुसरा घे. बघ पुन्हा."

तिने पाहिलं. हा तर जास्तच स्वच्छ होता. भोवरा, फाटा. तुटकी रेघ जरा शोधावी लागली, पण सापडली. केतकीने रागाने भिंग बाजूला सारलं.

"हाच! दोनशे टक्के हाच."

"मागे बघ."

कागदामागे नाव होतं, निबारण शिकदार.

"भोवरा माझाही तसाच आहे," निबारणदा म्हणाले. "बाकीचं तू घरून आणलंस. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं, बाई."

"फसवलंत मला!"

"हो. आज फार कष्ट पडले नाहीत."

चिडून तिने पुन्हा भिंग लावलं. रेघ कुठेच नव्हती, कागदाचा नुसता चरा होता. मग तिने सनातनचा खरा कागद ओढला. तिथे रेघ घटकेत दिसायची, घटकेत नाही. राग कधी ओसरला तिला कळलंच नाही. आपलेच डोळे असं कसं करतात, हे तिला बघायचं होतं.

दारोगा आत आले. "झालं ना दीदी? सनातन खाली गाडीत आहे. आजच कोर्टात उभा करतो."

केतकीने आपली सही खोडली आणि खाली लिहिलं, सांगता येत नाही.

"सांगता येत नाही? पोरीच्या आईला हे सांगू मी?"

केतकीने कागद त्यांच्याकडे सरकवला. "हेच सांगा, दारोगाबाबू."

फोटो उचलून, दार आपटून ते गेले.

केतकीने स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

"निबारणदा," ती हळूच म्हणाली, "ती तुटकी रेघ इथेही दिसतेय."