गजराची चाल

"बुवा, ही चाल तुम्हाला सुचली कशी?" वेदिकाने विचारलं आणि स्टँडवरचा मोबाइल थोडा पुढे सरकवला. भजनांच्या चॅनलसाठी मुलाखत घ्यायला ती मुंबईहून रत्नागिरीला आली होती.

पडवीत गुरुप्रसादबुवा पेटीपुढे बसले होते. चहा घेऊन आलेली त्यांची बायको, गोदा, उंबऱ्यातच थबकली.

गेल्या गणपतीपासून गुहागरपासून नाटे गावापर्यंत जो तो बुवांच्या भजनातला हाच गजर म्हणत होता. चाल गोदाची होती. आंबे पेंढ्यात लावता लावता तिच्या तोंडी आली, आणि संध्याकाळी तिने ती नवऱ्याला म्हणून दाखवली. त्याआधीच्याही कितीतरी चाली अशाच त्याच्या नावावर गेल्या होत्या. पण तिच्यासमोर असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

बुवांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले.

"देवानं दिली. मी आपला बसलेलो, वरून आली."

वेदिका भारावून गेली. "आणि काकी, तुमचीही साथ असेलच ना?"

गोदाने बोलायला तोंड उघडलं, तोवर बुवाच हसत म्हणाले, "तर! हिच्या हातचा चहा नसला तर मला एक सूर सुचायचा नाय."

वेदिका हसली. गोदाही हसली. आपण का हसलो, हे तिला कळेना.

वेदिका गेल्यावर बुवांनी हाक मारली. "गो, शनिवारच्या डबलबारीच्या सामन्याला नवा गजर लागेल. काय आलंय काय तोंडात?"

"नाय."

"काहीच नाय?"

"चहा ठेवते. मग सुचेल तुमचं तुम्हाला."

बुवांचा चेहरा उतरला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "चाल बायकोची म्हणून सांगितलं, तर समोरचा बुवा भर मांडवात माझी काय अब्रू काढेल, तुला ठाऊक नाय काय?"

"आणि माझं काय?"

बुवा पेटीकडे वळले. तिने उष्टे कप उचलले आणि ती मागीलदारी गेली.

कप विसळता विसळता तिच्याही नकळत एक ओळ ओठांवर आली. ती तिने पुन्हा गुणगुणली. चाल छान होती, त्या गजराहूनही छान. तिसऱ्यांदा म्हणताना पुढे पडवीत पेटीवर तेच सूर चाचपडत उमटू लागले.

गोदा गप्प झाली. पेटीही गप्प झाली.

पुढची ओळ तिच्या घशाशी आली होती. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पडवीत बुवा एकही पट्टी न दाबता नुसताच भाता मारत होते, हळू, अगदी हळू.