राजाच्या शेजारचा चेहरा

दरबाराचं ते छापील चित्र पॅरिसमधल्या प्रत्येक बड्या घराच्या भिंतीवर होतं. ज्या तांब्याच्या पत्र्यावरून ते छापायचे, तो जेर्वे नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याच्या दुकानात असे. मंत्री बदलला की सगळं चित्र नव्याने कोण कोरत बसणार? राजाच्या शेजारचा जुना चेहरा घासायचा, तिथेच नवा कोरायचा, की झालं.

त्या सकाळी नवे मंत्री स्वतःच दुकानात आले. दोन शिपाई दार अडवून उभे राहिले.

पत्र्यावरच्या जुन्या मंत्र्याकडे बोट दाखवत नव्या मंत्र्यांनी विचारलं, "हा पुसायला किती वेळ लागेल?"

"दुपारपर्यंत होईल, हुजूर. मंत्र्यांच्या रेषा आम्ही उथळच ठेवतो."

मंत्री लालबुंद झाले. "माझ्या खोल कोर! राजेसाहेबांच्या आहेत ना, तेवढ्या. कुणालाही मला पुसता आलं नाही पाहिजे."

आतल्या दारातून जेर्वेची बायको 'गप्प बसा' अशा खुणा करत होती. पण तांब्याबद्दल खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

"कोरतो की, हुजूर. फक्त खोल रेषा घासून जात नाहीत. पुढच्या वेळी मग पत्र्यातनं अख्खं मुंडकंच कापून काढावं लागतं."

मंत्र्यांचा हात नकळत गळ्याशी गेला.

"उथळच कोर," ते म्हणाले.