फ्लटरचा पाठ

पंखा गचके देत थांबला आणि प्रमिलाचा पाठही तिथेच बसला. शिंदखेड्याकडची वीज दुपारी जाते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बी.एड.चा शेवटचा पाठ द्यायला उभ्या राहिलेल्या बाईंना तेवढं सुचलं नव्हतं. पंख्याच्या जाळीला बांधलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या मान टाकून लोंबू लागल्या. फळ्यावर एकच इंग्रजी शब्द होता. फ्लटर.

तो मुलांना समजावायचा होता, आणि तोही मराठीचं एक अक्षर न उच्चारता. धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी आधीच बजावलं होतं, "इंग्रजीच्या तासाला मराठी ऐकू आली, की मी उठलो." गेल्या वर्षी ती याच कारणाने नापास झाली होती. घरात तेव्हाच ठरलं, यंदा जमलं तर नोकरी, नाही तर गुमान शेतात कापूस वेचायचा.

अर्थ तिला कमी माहीत नव्हते. कॉलेजातल्या अनेक भाषांच्या जाडजूड शब्दकोशात तिने ते सगळे पाहून ठेवले होते. फडफडणं, भिरभिरणं, फुरफुरणं, भीतीने काळजाचं लकलकणं. हिंदी झाली, गुजराती झाली, मग हौसेहौसेने ती ग्रीकपर्यंत गेली. तिथे 'फ्तेरुगीझो' असा शब्द सापडला. तो पंखावरून आलेला आहे, असंही लिहिलं होतं. इतक्या लांबच्या माणसांनाही शेवटी पाखरूच आठवलं, याचं तिला भारी अप्रूप वाटलं. चुलीपुढे बसून ती तो शब्द पुटपुटायची. आता त्या साऱ्या भाषा घशाशी येऊन थांबल्या होत्या आणि एकीचाही उपयोग नव्हता.

तिने उजवा हात हलवून दाखवला.

"टाटा!" मुलं एका सुरात ओरडली.

तिने तोच हात खांद्याजवळ नेऊन पंखासारखा हलवला. एकाला वाटलं माश्या हाकलताहेत, दुसऱ्याला वाटलं बाईंना उकडतंय. दोन्ही हात हलले असते तर काहीतरी समजलं असतं. पण डावा हात डोक्यावरच्या पदरात अडकला होता. नायलॉनची साडी ती, हात काढला की पदर घसरलाच.

आणि पदर घसरून चालणार नव्हतं. कॉलेजने पाठासाठी नेमकी तिच्या सासरच्या गावची शाळा दिली होती. वर्गात मागे, शाळा समितीसाठी मांडलेल्या खुर्चीवर तिचे सासरे अभिमन आबा बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबा तिच्याशी कधी थेट बोलले नव्हते. सुनेने सासऱ्यापुढे डोकं उघडं टाकायचं नाही आणि सासऱ्याने सुनेशी बोलायचं नाही, अशी गावाची रीत. चहा हवा असला तर आबा घरातल्या मांजराला सांगत. तिने नोकरी करावी की करू नये, हे मात्र त्यांनी मांजरालाही कधी सांगितलं नव्हतं.

ती पुन्हा एका हाताने फडफडली. पोरं खुदखुदू लागली. परीक्षकांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात मागे खुर्ची करकरली. आबा उठले. त्यांनी खुर्ची उचलून फिरवली आणि वर्गाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. सगळी मुलं माना वळवून बघू लागली.

प्रमिलाचं तोंड तापलं. भर वर्गात पाठ फिरवली! सुनेची फजिती बघवत नव्हती तर सरळ घरी जायचं होतं. तिला आधी रडू आलं, मग राग आला, आणि राग आला ते बरंच झालं. आता घरी बोलणी बसणार हे नक्की होतं. नापास होऊन बोलणी खायची, तर पास होऊनच का खाऊ नयेत?

तिने डोक्यावरचा पदर खाली ओढला. दोन्ही हातांनी त्याचं टोक उंच धरलं आणि बाकांच्या मधल्या वाटेने ती सरळ पळत सुटली. पदर तिच्या मागे फडफडत निघाला. "लूक! इट इज फ्लटरिंग!"

"साडी इज फ्लटरिंग!" पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली. एकाने वहीची पानं हलवली, "पेपर इज फ्लटरिंग!" आणि एक चुणचुणीत पोरगी उभी राहिली, "टीचर, युवर हेअर इज फ्लटरिंग!" या गावाने तिचे केस आजच पाहिले होते. प्रमिलाला हसू फुटलं. ती आणखी एक फेरी पळाली.

परीक्षक उठताना म्हणाले, "पास आहात तुम्ही. पंख्याशिवाय चांगलं जमतं की!"

वर्ग रिकामा झाला. आबा अजून तसेच बसले होते. प्रमिलाने पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आज ती मांजराची वाट बघणार नव्हती.

"आबा, मन्ही काही चूक नही," ती म्हणाली. "मन्ही परीक्षा व्हती."

भिंतीकडे बघतच आबा पहिल्यांदा तिच्याशी बोलले, "तुन्हा हात मोकळा व्हावा म्हनीसन तं मी पाठ फिराई, बेटा. तूच इतला येळ का बरं लावा?"