वरून दिसणारी बाई

“मूल किती महिन्यांचं झालं की लंगोट कमी लागतात गं?” नवऱ्याने चहा पिता पिता विचारलं.

तिच्या हातातली किटली हवेतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. हा विषय काढायचा नाही, हे दोघांमध्ये न बोलताच ठरून गेलं होतं.

“मला काय विचारता? मला कुठून ठाऊक असणार?”

तो चपापला. “सहजच,” म्हणाला आणि कोट चढवून निघून गेला.

दोघं कामाला एकाच इमारतीत होती. युद्ध सुरू झाल्यावर लष्कराने नदीकाठची एक शाळा ताब्यात घेतली होती. विमानं शत्रूच्या मुलखावरून फोटो काढून आणत. तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत ती आणि इतर बायका ते फोटो धूत, वाळवत. वरच्या मजल्यावर नवरा आणि त्याचे सोबती तेच फोटो भिंगाखाली धरून त्यांतून तोफा, पूल, कारखाने हुडकत. वरच्यांनी खाली अवाक्षर काढायचं नाही, असा कडक हुकूम होता. त्यामुळे नवरा दिवसभर नेमकं काय बघतो ते तिला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती.

पण त्या सकाळी तिच्या मनात पाल चुकचुकली. आणि एकदा चुकचुकली की ती गप्प कुठली बसायला!

नवरा हल्ली कामावर जायला उतावीळ असे. आभाळ भरून आलं की त्याचा चेहरा उतरे. यांच्या भेटी काय उन्हातच ठरतात की काय, असं तिला वाटे. तिने त्याचे खिसे चाचपले, कोटाची कॉलर हुंगून पाहिली. वास आला तो फोटोच्या रसायनांचा, आणि तो तर तिच्या स्वतःच्या हातांनाही येत होता.

मग एकदा जिन्यात तिने त्याचा आवाज ऐकला. तो सोबत्याला सांगत होता, “काल तिने पाळणाच अंगणात आणून ठेवला होता. आता बरी दिसतेय.”

“तुझा जीव जडलाय रे तिच्यावर,” सोबती हसत म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बाई आहे, आणि पदरात मूलही आहे! त्या दिवसापासून ती बाई तिच्या घरातच राहायला आली. ताट वाढताना ती समोर बसलेली असे. गोरी, भरल्या अंगाची, केस मोकळे, कडेवर मूल. जे आपल्याला जमलं नाही ते हिला सहज जमलं, हाच विचार तिला आतून पोखरत राही. नवरा प्रेमाने एखादा शब्द बोलला तरी तिला वाटे, हा तिच्याकडचा उरलासुरला असणार.

एकदा फोटो धुता धुता तिच्या तोंडून निघून गेलं, “वाटोळं होवो मेलीचं!”

“शत्रूचं ना?” शेजारची म्हणाली. “होणारच.”

शेवटी एका दुपारी तिच्याने राहवेना. नुकतेच वाळलेले फोटो घेऊन वर जायचं काम तिने मागून घेतलं. वरची माणसं जेवायला गेली होती. नवरा एकटाच टेबलाशी बसला होता, डोकं हातांत धरून.

तिने दार लोटून घेतलं. “कोण आहे ती? आज मला नाव हवंय.”

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. “नाव मलाही माहीत नाही गं.”

त्याने एक जुना फोटो ओढला, शेजारी त्याच जागेचा जरा बाजूने घेतलेला दुसरा फोटो ठेवला आणि वर दोन भिंगांची घोडी सरकवली. “बघ.”

तिने डोळे लावले. सपाट कागदातून घरं एकदम उभी राहिली. एक अंगण. अंगणात दोरी. दोरीवर तांदळाएवढे पांढरे ठिपके. आणि दोरीशी एक काळा ठिपका, त्याची लांब सावली.

“ही ती,” तो म्हणाला. “तोंड कधी पाहिलं नाही मी. वरून काय दिसणार? आधी तिची सावली पोटाशी फुगीर होती. मग महिनाभर दिसलीच नाही. मग एक दिवस दोरीभर लंगोट.”

ती भिंगातून बघतच राहिली. हिच्यावर आपण जळत होतो! तरीही मनात आलंच: हिची दोरी याला पाठ आहे. घरच्या दोरीकडे याने कधी मान वर करून पाहिलं नाही.

“घरामागे झाडीत तेलाच्या टाक्या लपवलेल्या आहेत,” तो म्हणाला. “मीच ओळखल्या. मीच वर कळवलं. काल आपली विमानं तिथे बॉम्ब टाकून आली.”

तिने हातातल्या फोटोंकडे पाहिलं.

“हो, त्यानंतरचेच असणार ते. मी तपासणार नाही, आमच्या प्रमुख बाईंना सांगितलंय. दुसरं कुणीतरी करील.” त्याचा आवाज फाटला. “पण तू एकदा बघून सांग. माझ्याच्याने बघवत नाही.”

तिने नवे फोटो भिंगाखाली मांडले. खूप वेळ ती वाकून होती. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

“आहे?” त्याने विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “अंगणात उभी आहे. कडेवर मूल आहे.”

तो लहान मुलासारखा रडू लागला. तिने डोळे भिंगावरून काढले नाहीत. खाली नुसता काळा खड्डा होता, आणि खड्ड्यापासून निघणाऱ्या एकेका रस्त्यावर ती जीव मुठीत धरून त्या बाईला शोधत होती.